ड्रम वरच होता

१

गौस शिकलगार शुक्रवारी दुपारी मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुंबईचे साहेब त्याचं इंजिन बघायला येणार होते.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी होता. आखातातल्या देशांनी तेलाचे भाव चौपट केले होते. आमच्या कोल्हापुरात त्याचा अर्थ एवढाच, की रेशनच्या दुकानापुढं बायका पहाटेपासून डबे रांगेत ठेवायच्या आणि दुपारी रिकामे घेऊन घरी जायच्या. मी, ज्ञानदेव खाडे, तेव्हा पुरवठा खात्यात निरीक्षक होतो. रॉकेलमध्ये कुणी काय मिसळलं ते शोधायचं, साठे मोजायचे, लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. खून शोधणं माझं काम नव्हतं.

गौस मिस्त्रीला सगळं उद्यमनगर ओळखायचं. रॉकेलवर चालणारं तीन हॉर्सपॉवरचं पंपाचं इंजिन त्यानं शेणाच्या गॅसवर चालवून दाखवलं होतं. तिथल्या त्याच्या शेडमागं विहिरीसारखा खड्डा, त्यात शेणाचा काला आणि वर तरंगणारा लोखंडी ड्रम. गॅस साठला की ड्रम वर यायचा, वापरला की खाली बसायचा. शाहूपुरीत पंपांचं दुकान असलेल्या हंबीररावांनी त्यावर 'गोधन इंजिन कंपनी' काढली. गावोगाव पत्रकं वाटली: दोन म्हशी, आठ तास इंजिन, तेलाचा थेंब नको. लोकांनी कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकत घेतले. मुंबईच्या साहेबांच्या परीक्षेत इंजिन उतरलं, तर सरकारही पैसे देणार होतं.

शुक्रवारी चारच्या सुमाराला गौसची बायको सलमा चहा घेऊन शेडवर गेली. गौस पत्र्याच्या आडोशामागं बाजल्यावर झोपल्यासारखा पडला होता. दवाखान्यातून कागद आला, गुदमरून मृत्यू. पोलिसांनी लिहिलं, गॅस गळून अपघात. साहेबांचा दौरा रद्द झाला. शेडमध्ये रॉकेलचा बेकायदा साठा आहे का एवढं बघून यायला मला सोमवारी पाठवलं.

सलमा दारातच बसली होती. लोक येताना नाकाला पदर लावतात, म्हणाली. गॅसचं भूत हाय म्हणतात. मग तिनं मला विचारलं, "साहेब, तुम्ही सरकारी मानूस. एक सांगा. गॅस आतनं कडी लावंल, पर भायेरनं लावंल का?"

मी म्हणालो, मला कळलं नाही.

"मी आले तवा दाराला भायेरनं कडी हुती. पोलिसांस्नी सांगितलं. ते म्हणाले, बाई, तू घाबरलीस, तुला उमगलं न्हाय."

२

मी आत गेलो. साठा वगैरे काही नव्हता. पण तिचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी जरा जास्तच वेळ थांबलो.

आधी मागं जाऊन खड्डा बघितला. ड्रम वर होता, अगदी काठोकाठ. सलमाला विचारलं, शुक्रवारपासून कुणी शेण घातलं का? ती म्हणाली, पोलिसांनी गॅसची चावी बंद करून मोहोर लावली, तेव्हापासून शेणाला कुणी हात लावलेला नाही. आणि शुक्रवारी? शुक्रवारीही ड्रम असाच वर होता. साहेबांच्या परीक्षेसाठी गौसनं तो भरून ठेवला होता. ती आली तेव्हा तिची पहिली नजर ड्रमवरच गेली होती, कारण गौसनं तिला सकाळी हौसेनं तो दाखवला होता.

मी तिथंच कठड्यावर बसलो. एक धडधाकट माणूस गुदमरून मरेल एवढा गॅस शेडमध्ये शिरला असता, तर ड्रम खाली बसायला हवा होता. गॅस ड्रममध्येच होता. मग गौसला कशानं मारलं?

पुन्हा आत गेलो. साहेब येणार म्हणून भिंतींना गुरुवारी चुना दिला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, इंजिनासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर ताटाएवढा काळा डाग होता. बोट लावलं, काजळी निघाली. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप सोडवून खाली ठेवलेला होता. पोलिसांना वाटलं, मिस्त्री दुरुस्ती करत असेल. पण गुरुवारचा चुना आणि त्यावरची काजळी बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारी कुणीतरी पाइप काढून, बंद शेडमध्ये इंजिन चालवलं होतं.

सलमाला विचारलं, इंजिन गरम होतं का?  तिनं उजवा तळहात पुढं केला. दोन बोटांना फोड होते. गौसला हलवायला वाकताना तिनं इंजिनाचा आधार घेतला होता. भाजलं हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"पन ते कसं चाललं, साहेब?" ती म्हणाली. "गॅस तर वापरलाच न्हाय."

इंजिनाला जुनी रॉकेलची टाकी होती. गौसनं ती चार महिने कोरडी ठेवली होती, पाहुण्यांना झाकण उघडून दाखवायचा. मी झाकण उघडलं. टाकी रिकामी होती, पण कोरडी नव्हती. नाक आत घातलं. वीस वर्षं रॉकेल हुंगलेलं नाक माझं. रॉकेलचा वास होता, आणि त्यात दुसरा एक वास होता. फिनेलचा.

३

गौसचा धाकटा भाऊ मौलाली इचलकरंजीत यंत्रमागावर होता. दिवसपाळी सुटल्यावर त्याला कारखान्याबाहेरच गाठलं. दोघा भावांचं भांडण होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते का होतं हे त्यानं लपवलंही नाही. त्यानं मागावरचे साठवलेले पैसे कंपनीत घातले होते. गौस मात्र महिनाभर सांगत होता, पत्रक खोटं आहे. चार म्हशींच्या शेणावर दीड तास इंजिन चालतं, जास्त नाही. तेवढंही गरिबाला पुष्कळ आहे, पण आठ तास म्हणणं म्हणजे लबाडी. साहेबांपुढं मी खरं तेच बोलणार, असं गौसनं भावाला तोंडावर सांगितलं होतं.

"मी त्याला म्हणालो, तुझ्या खरेपनापायी माझे पैसे बुडतील," मौलाली म्हणाला. "ते शेवटचं बोलनं."

शुक्रवारी तो पाळीवर होता, शंभर माणसं साक्षीला होती. मी त्याला एकच विचारलं. मयताला आंघोळ त्यानं घातली होती, तेव्हा काही वेगळं दिसलं का? तो म्हणाला, चेहरा मेलेल्यासारखा नव्हताच. गाल लालसर होते, ओठही. जिवंतपणी एवढा टवटवीत तो कधी दिसला नव्हता.

मला पन्हाळ्याची एक गोष्ट माहीत होती. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेला आमच्या खात्याचा एक पहारेकरी असाच लालबुंद सापडला होता. अर्धवट जळलेल्या इंधनाच्या धुराचं हे काम. आता प्रश्न उरला होता तो इंजिनाच्या आवाजाचा. डोक्याशी इंजिन धडधडत असताना माणूस झोपून कसा राहील, असं मी त्याला विचारलं.

"त्याचे कान कवाच गेलते," मौलाली म्हणाला. "वीस वर्सं इंजिनातच. इंजिन बंद पडलं की त्याला जाग यायची."

तिथून शाहूपुरीत आलो. हंबीरराव दुकानात पांढऱ्या टोपीत बसले होते. डोळे सुजलेले. मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांच्यावर संशय घेणं अवघडच होतं. कंपनी त्यांची, नाव त्यांचं. गॅसनं माणूस मेला म्हटल्यावर भागाच्या कागदाला रद्दीचीही किंमत राहिली नव्हती. आभाळच कोसळलं हो, असं ते दोनदा म्हणाले. भागधारकांना त्यांनी पत्र पाठवलं होतं: दैवी आपत्तीमुळे कंपनी बंद करावी लागत आहे.

मी विचारलं, मिस्त्रीला शेवटचं कधी बघितलं?

"शुक्रवारीच की. नमाज पढून शेडवर आला, माझ्यासमोर भाकरी खाल्ली. दोनला मी उठलो तवा बाजल्यावर आडवा झालेला. माझ्या डोळ्यांसमोरनं ते चित्र हलत न्हाय, खाडेसाहेब."

मी चहा संपवला आणि उठलो. दारात पोचल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, शेडमध्ये रॉकेल सापडलं का. मी नाही म्हणालो. त्यांनी मान डोलावली. गॅसच्या इंजिनाच्या शेडमध्ये रॉकेल सापडेल असं या माणसाला का वाटावं?

४

गॅस बदनाम झाला तर फायदा कुणाचा, असा सरळ विचार केला तर एकच नाव यायचं. चमनशेठ. जिल्ह्याच्या निम्म्या रेशन दुकानांना रॉकेल त्यांच्या गोदामातून जायचं. शेणाच्या गॅसची चेष्टा ते उघड करायचे. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही. दोनदा मी त्यांचा माल अडवला होता.

मी गोदामात गेलो आणि काहीच न लपवता विचारलं, फिनेलचा वास मारणारं रॉकेल कुठलं?

ते चिडले. त्यांना वाटलं, मी जुनी तक्रार उकरतोय. महिन्यापूर्वी पिंपं कमी पडली म्हणून त्यांच्या माणसानं फिनेलचं एक जुनं पिंप नुसतं विसळून भरलं होतं. त्या एका पिंपाच्या मालावर केलेल्या स्वयंपाकाला वास येतो म्हणून बोंब झाली. ती तक्रार माझ्याच टेबलावर पडून होती, मी वाचली नव्हती. ते पिंप मलकापूरला गेलं होतं आणि तिथल्या एकाच दुकानातून वाटलं गेलं होतं.

"खाडे, मी रॉकेल इकतो, मानसं मारत न्हाय," चमनशेठ म्हणाले. "आन त्या मिस्त्रीच्या दीड तासाच्या गॅसनं माझं काय जानार हुतं? गिऱ्हाईक रांगेत उभं हाय माझ्या दारात."

ते खरं होतं. टंचाईत त्यांचा धंदा बुडत नव्हता, वाढत होता. मी मलकापूरच्या दुकानदाराकडून त्या मालाची गावं घेतली. तीन वाड्या होत्या. त्यातल्या एका वाडीचं नाव मी आधी वाचलं होतं, कंपनीच्या पत्रकावर. तिथल्या तानाबाईचा फोटो पत्रकावर छापला होता, दोन म्हशींच्या मधे उभी, हातात गॅसची नळी.

५

तानाबाई चाळिशीची, नवरा नसलेली बाई. विहिरीवरचं इंजिन स्वतः फिरवून चालू करायची. तिच्या शब्दावर वाडीतल्या तेवीस बायकांनी कंपनीत पैसे घातले होते. कुणी दुधाचे, कुणी मंगळसूत्रातले मणी मोडून.

मी गेलो तेव्हा ती वैरण टाकत होती. पाणी दिलं, "बसा पावणं" म्हणाली. मी पुरवठ्याचा माणूस म्हणून सांगितलं. रॉकेलसाठी आलोय असंच तिला वाटलं, आणि तिनं भडाभडा सांगितलं. बायकांनी आपापल्या बाटलीतलं थोडं थोडं काढून तिला दोन लिटर दिलं होतं. हंबीररावांनीच मागितलं होतं. साहेबांपुढं दीड तासानं इंजिन थांबलं तर सरकार पैसे देणार नाही आणि तुमच्या वाडीचे पैसे पाण्यात जातील, असं ते म्हणाले होते. मिस्त्री आडमुठा, तो ऐकणार नाही. तेव्हा त्याच्या माघारी जुन्या टाकीत रॉकेल भरायचं आणि इंजिन किती वेळ ओढतं ते एकदा बघायचं.

"लबाडी हाय हे मला कळत हुतं," ती म्हणाली. "पर तेवीस घरं माझ्या मानंवर हुती."

शुक्रवारी ती दुपारच्या एसटीनं आली. हंबीरराव गल्लीच्या तोंडाशी तिची वाटच बघत होते. पाइप काढून ठेव, म्हणाले, नाहीतर रॉकेलचा धूर गल्लीत जाऊन सगळ्यांना कळेल. दारं-खिडक्या लाव, कडी घाल आणि अडीचची गाडी पकड. टाकीतलं संपलं की इंजिन आपोआप थांबेल, मी नंतर येऊन बघतो.

मी विचारलं, "आणि मिस्त्री?"

"मिस्त्री नव्हता. इचलकरंजीला भावाकडं गेला म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"हंबीरराव की. म्हणाले, आत कोन न्हाय, बिनघोर जा."

तिनं आडोशामागं बघितलं नव्हतं. बघायचं कारणच नव्हतं. गॅस गळून मिस्त्री मेला हे तिला शनिवारी कळलं, आणि आपण गेल्यावर तो कधीतरी परत आला असेल, असं ती समजून होती. मी तिथं बसून होतो आणि मला दिसत होतं, की हिला अजून काहीच माहीत नाही. न सांगता उठता आलं असतं. मी सांगितलं.

ती रडली नाही. दावणीचा खुंटा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजे कडी मी लावली."

६

हंबीररावांकडं मी एकटाच गेलो, ही माझी चूक. आधी लेखी जबाब करून घ्यायला हवा होता. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

मी त्यांना सगळं ओळीनं सांगितलं. ड्रम वर होता, म्हणजे गॅसनं माणूस मेला नाही. भिंतीवर काजळी आहे, म्हणजे इंजिन आत चाललं. फिनेलचा वास आहे, म्हणजे रॉकेल मलकापूरकडचं. तानाबाईनं ते आणलं आणि इंजिन चालू केलं, पण आत माणूस आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला एकच माणूस होता. दोनला तुम्ही उठलात तेव्हा मिस्त्री बाजल्यावर आडवा झाला होता, हे तुम्हीच मला सांगितलंत. तिथून चार पावलांवर तानाबाईला सांगितलंत, तो इचलकरंजीला गेला. पाइप काढून बंद जागेत इंजिन चालवू नका, हे तुम्ही वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलात. आणि कंपनी बुडाल्यानं तुमचं नुकसान झालं असं जग म्हणतं, पण कंपनी आधीच पोकळ होती. साहेब कागद तपासणार होते. गौस तोंड उघडणार होता. लोकांच्या पैशांतून शाहूपुरीत घेतलेला प्लॉट तुमच्या नावावर आहे, त्याची नोंद मी आज सकाळी बघितली. गॅसनं अपघात झाला म्हटलं, की ना परीक्षा, ना हिशोब. कुणी पैसे मागितले तर देवाकडं बोट दाखवायचं.

 त्यांनी पंख्याचं बटण फिरवून वारा कमी केला.

"दोनला मी शेडवर हुतो, असं मी कुनाला सांगितलं?" ते म्हणाले.

"मला."

"बाकी कुनाला?"

कुणालाच नाही. पोलिसांनी त्यांना विचारलंच नव्हतं.

"मग न्हाय सांगितलं," हंबीरराव म्हणाले. "त्या बाईला मी वळखतो, पर त्या दिवशी भेटलो न्हाय. आता तुम्हीच बघा, खाडेसाहेब. शेडात कोन हुतं? ती. रॉकेल कुनाचं? तिचं. कडी कुनी लावली? तिनं. तुमच्या कागदानं फाशी बसंल तर तिला बसंल. टाका कागद."

मी तीन दिवस अहवाल लिहिला नाही. सलमाकडं गेलो आणि खरं काय ते सगळं सांगितलं. अहवाल दिला तर गॅसवरचा डाग पुसेल, पण एक भोळी बाई आत जाईल आणि मारणारा मोकळा राहील. नाही दिला, तर गौसच्या हातच्या वस्तूनंच त्याला खाल्लं असं जग म्हणत राहील. मला वाटत होतं, तिनं मला थांब म्हणावं.  ती फोडांवरची वाळलेली कातडी सोलत बसली.

निकाल तानाबाईनंच लावला. चौथ्या दिवशी ती स्वतःच्या पायानं पोलिसात गेली आणि कडी मी लावली म्हणून सांगून बसली. मग मला अहवाल द्यावाच लागला. त्यात मी हंबीररावांचं दोन वाजताचं बोलणंही लिहिलं. कोर्टात त्यांच्या वकिलानं विचारलं, पुरवठा निरीक्षकाला जबाब घ्यायचा अधिकार कुठल्या कायद्यानं मिळतो? ते बोलणं पुराव्यात धरलं गेलं नाही.

हंबीरराव पुराव्याअभावी सुटले. हयगयीनं मृत्यूस कारण झाली म्हणून तानाबाईला दीड वर्षाची कैद झाली. तिच्या दोन्ही म्हशी वाडीतल्या बायकांनी बुडालेल्या पैशांपोटी वाटणीत नेल्या. कोर्टाच्या आवारात सलमा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि पोलिसानं तानाबाईला गाडीत बसवलं.

७

शहात्तर साली सरकारचं धोरण बदललं. तेल परवडत नाही, तेव्हा खेड्यापाड्यात शेणाच्या गॅसला अनुदान द्यायचं ठरलं. जिल्ह्यात खड्डे बांधून ड्रम आणि इंजिनं पुरवण्यासाठी एक अधिकृत विक्रेता नेमायचा होता. सिमेंट आणि पत्रा आमच्या खात्यामार्फत मिळायचा, म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली.

अर्ज एकच होता. शाहूपुरीतल्या नव्या जागेचा पत्ता, खाली हंबीररावांची सही. सोबत इंजिनाचे नकाशे होते, निळ्या कागदावर नव्यानं काढलेले. गौसचं नाव कुठंच नव्हतं. दावा मात्र बदलला होता. चार म्हशी, दीड तास, असं लिहिलं होतं.

मुंबईच्या कार्यालयानं एक शंका काढली होती: या गॅसपासून जीविताला धोका आहे काय? त्याला उत्तर म्हणून कोर्टाच्या कागदांतली एक नक्कल जोडली होती. मी उलटून बघितली. माझाच अहवाल होता. एका वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती: 'सदर मृत्यू गॅसमुळे झालेला नाही, हे निःसंशय सिद्ध होते.'

अर्ज नाकारायला कागदावर काही कारण नव्हतं. कोर्टानं सोडलेला माणूस, पूर्ण कागद, खरा दावा. मी दोन दिवस फाइल अडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी वरून विचारणा आली, उशीर का.

मी सही केली. शिपायानं शिक्का मारला आणि फाइल पुढच्या टेबलावर नेऊन ठेवली.